करकचा किल्ला आणि लग्नातला तो बुरूज

जॉर्डनला जाऊन आलेला प्रत्येक जण पेत्रा पेत्रा करतो, आम्हीपण त्यासाठीच गेलो होतो, पण मला विचाराल तर करक. अम्मानहून मुद्दाम जुना किंग्ज हायवे धरला, मधे वादी मुजिबची अवाढव्य दरी, वळणं घेत पार तळाशी आणि परत वर, बायकोला गाडी लागली म्हणून दोनदा थांबलो.

आपण गड चढणारी माणसं, त्यामुळे नजर आधी तटावरच जाते. खालचा काळपट ओबडधोबड दगड क्रुसेडर्सचा, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातून लढायला आलेल्या ख्रिश्चनांचा, आणि नीट घडवलेला चुनखडीचा दगड नंतरच्या मामलुकांचा, म्हणजे इजिप्तच्या मुस्लिम सुलतानांचा, हे एकदा कळलं की भिंत वाचताच येते. 1142 मध्ये किल्ला बांधायला घेतला. मला प्रश्न पडला की ह्यांना जेरुसलेम राखायचं होतं, ते तर मृत समुद्राच्या पलीकडे, मग इथे कशाला? वर उभं राहिलं की कळतं. दमास्कसहून इजिप्तला आणि मक्केला जाणारे तांडे ह्याच भागातून जायचे. जकात नाकाच की हा, फक्त वर क्रूस लावलेला!

आणि ह्या नाक्यावर बसला क्रुसेडर सरदार रेनाल्ड. अलेप्पोच्या कैदेत पंधराएक वर्षं काढून सुटला, करकच्या वारसदार विधवेशी, स्टेफनीशी, लग्न केलं आणि किल्ल्याचा मालक झाला. तह असो नसो, हा तांडे लुटणार म्हणजे लुटणार. एकदा तर जहाजांचे सुटे भाग उंटांवर लादून तांबड्या समुद्रापर्यंत नेले आणि तिथे धुमाकूळ घातला, इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दीन भडकणार नाही तर काय!

1183 मध्ये सलाउद्दीन चालून आला तेव्हा आत लग्न चालू होतं. नवरा स्टेफनीचा मुलगा हम्फ्री, नवरी राजघराण्यातली इझाबेला, वय जेमतेम 11. तेव्हाच्या इतिवृत्तात असं आहे की वरमाईने लग्नातलं जेवण शत्रूच्या छावणीत पाठवलं, आणि सलाउद्दीनने विचारलं नवरानवरी कुठल्या बुरुजात आहेत, तेवढा सोडून बाकी किल्ल्यावर दगडांचा मारा चालू. हा बुरूज कुठला म्हणून मी तिथल्या एका रखवालदाराला विचारलं, त्याने उजवीकडचा दाखवला. अर्ध्या तासाने दुसऱ्याला विचारलं, त्याने डावीकडचा. दोघंही एकदम ठाम.

रेनाल्डने पुढे परत तह मोडून तांडा लुटला आणि त्याचा शेवट हत्तीनच्या लढाईत झाला, 4 जुलै 1187, भर उन्हात पाण्यावाचून तडफडणारं ख्रिश्चन सैन्य पार संपलं. सलाउद्दीनने पकडलेल्या जेरुसलेमच्या राजाला गार पाणी दिलं, राजाने पेला रेनाल्डकडे सरकवला, तर सलाउद्दीन म्हणाला ह्याला मी पाणी दिलेलं नाही, आणि स्वतः तलवार चालवली. ऑक्टोबरमध्ये जेरुसलेम गेलं. करक मात्र वर्षभराहून जास्त लढत राहिलं, आत खायला काही उरलं नाही तेव्हा 1188 च्या शेवटी शरण आलं.

खालच्या अंधाऱ्या दालनांमध्ये मुदपाकखाना आहे, काळवंडलेल्या भट्ट्या वगैरे. लग्नाची ताटं इथूनच गेली असणार असं मी बायकोला सांगत होतो तेवढ्यात मोबाईलची बॅटरी संपली आणि टॉर्च गेला. भिंतीला हात लावत लावत बाहेर आलो, हाताला सगळा तो काळपट ओबडधोबड दगडच लागत होता.