ओहायो स्टेट -८.५ : कॉलेज फुटबॉलच्या फायनलचा भाव वाचताना

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल) २०२४ च्या हंगामाची फायनल २० जानेवारी २०२५ ला अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमवर झाली. ओहायो स्टेट विरुद्ध नोटर डेम. किकऑफच्या सुमारास बहुतेक बुकांवर (पैजा घेणाऱ्या कंपन्यांकडे) भाव होता ओहायो स्टेट -८ किंवा -८.५ आणि टोटल ४५.५ च्या आसपास. निकाल लागला ३४-२३. पोस्टसीझनचा (नियमित हंगामानंतरच्या सामन्यांचा) भाव कसा वाचायचा हे समजून घ्यायला याहून चांगला सामना सापडणं अवघड आहे, कारण यात स्प्रेड आणि टोटल, दोन्ही अक्षरशः अर्ध्या गुणावर आले होते. सामना संपलेला असल्यामुळे आता प्रत्येक आकडा शांतपणे तपासता येतो.

आधी आकड्यांची भाषा. -८.५ हा स्प्रेड, म्हणजे ओहायो स्टेटच्या अंतिम गुणांतून साडेआठ वजा करायचे. तरीही ते पुढे असतील तर त्यांच्यावरची पैज जिंकली, म्हणजे त्यांनी 'कव्हर' केलं. नोटर डेम +८.५ घेणाऱ्याला आठ गुणांनी हरलेलंसुद्धा चालतं. भाव नुसता -८ असेल आणि फरक नेमका ८ चा पडला तर 'पुश', पैसे परत. टोटल म्हणजे दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज, तिच्या वर (ओव्हर) किंवा खाली (अंडर). आणि कोण जिंकणार एवढ्यावरच पैज असेल तर ती मनीलाइन.

स्प्रेड आणि टोटलच्या शेजारी -११० लिहिलेलं असतं, ते बरेच जण वाचतच नाहीत. १०० जिंकायला ११० लावायचे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या दशांश भावात १.९१. दहा पैजांपैकी पाच जिंकल्या आणि पाच हरल्या तर ५०० मिळतात, ५५० जातात. बरोबरीत सुटायलाच ५२.३८ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. वर्षानुवर्षं फुटबॉल पाहणारी माणसंही या रेषेच्या खालीच राहतात आणि दोष मात्र खेळाडूंना देतात.

मनीलाइनमध्ये बुकाचा वाटा लपलेला असतो, तो असा काढायचा. समजा फेव्हरिट -३५० (३५० लावून १०० जिंकायचे) आणि समोरचा +२८० (१०० लावून २८० जिंकायचे) आहे. फेव्हरिटची शक्यता ३५० भागिले ४५०, म्हणजे ७७.८ टक्के. दुसऱ्याची १०० भागिले ३८०, म्हणजे २६.३ टक्के. बेरीज १०४.१. वरचे ४.१ हा बुकाचा वाटा. ७७.८ ला १०४.१ ने भागलं की खरी किंमत कळते, सुमारे ७४.७ टक्के. एखादा संघ चारपैकी तीनदा जिंकेल असं तुमचं मत असेल, तर -३५० ला तो घेण्यात काहीच उरत नाही. 'जिंकणार तर आहेतच' म्हणून लोक इथे पैसे घालतात आणि वर्षाच्या शेवटी हिशोब जुळत नाही.

आता सामन्याकडे. ओहायो स्टेटने ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा पराभव पत्करला होता, तोही सुमारे २० गुणांचा फेव्हरिट असताना. नोटर डेम सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ ने हरला होता, आणि तिथे तो सुमारे २८ गुणांचा फेव्हरिट होता. नुसते निकाल चाळले तर दोघंही भरवशाचे वाटत नाहीत. तरीही पोस्टसीझनमध्ये बाजार ओहायो स्टेटवरच राहिला. रोझ बोलमध्ये (हंगामानंतर होणारे 'बोल' सामने, त्यातला एक) ओरेगन अपराजित आणि पहिल्या मानांकनाचा होता, शिवाय ऑक्टोबरमध्ये त्यांनीच ओहायो स्टेटला ३२-३१ ने हरवलं होतं. तिथेही किंचित फेव्हरिट होता ओहायो स्टेटच. त्या सामन्यात त्यांनी आधी ३४-० अशी आघाडी घेतली आणि ४१-२१ ने जिंकले. मानांकन समिती ठरवते, ते झालेल्या निकालांवरून. भाव ठरतो उद्या कोणत्या ताकदीचा संघ मैदानात उतरणार यावरून. प्रीव्ह्यू लिहिणाऱ्यांनी पहिल्या परिच्छेदात मानांकनं द्यायची सवय सोडावी असं माझं ठाम मत आहे.

त्या वर्षीचा प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी, १२ संघांचा पहिलाच. पहिल्या फेरीतले चारही सामने यजमानांच्या कॅम्पसवर झाले आणि चारही यजमान दहा किंवा अधिक गुणांनी जिंकले. मग उपांत्यपूर्व फेरीत, तटस्थ मैदानांवर, बाय मिळालेले (पहिली फेरी न खेळता पुढे आलेले) चारही संघ हरले. त्यातल्या दोन जागा परिषदेचं (संघांच्या गटाचं) विजेतेपद मिळालं म्हणून बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेटला गेल्या होत्या आणि भावाने त्यांना आधीच अंडरडॉग ठरवलं होतं. पुढच्या हंगामापासून मानांकन थेट क्रमवारीनुसार देऊ लागले. तटस्थ मैदानाचा मुद्दा हिशोबात नीट धरा: कॉलेजमध्ये घरच्या मैदानाचे साधारण अडीच-तीन गुण धरतात. बोल सामन्यात ते शून्य करायचे आणि मग कोणाचे प्रेक्षक जास्त येणार याचा थोडासा विचार करायचा.

यानंतर दुखापती, आणि इथे नोटर डेमचं पारडं खरोखर हलकं होतं. बचावफळीचा कणा असलेला रायली मिल्स इंडियानाविरुद्धच्या पहिल्याच फेरीत जायबंदी झाला. कॉर्नरबॅक बेंजामिन मॉरिसन ऑक्टोबरपासून बाहेर. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, वाचवणाऱ्या फळीतला लेफ्ट टॅकल अँथनी नॅप ऑरेंज बोलमध्ये जायबंदी झाला. रनिंग बॅक जेरेमाया लव्ह गुडघ्याच्या दुखण्याने अर्ध्या ताकदीवर. ओहायो स्टेटनेही लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स आणि सेंटर सेथ मॅक्लॉक्लिन गमावले होते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. डोनोव्हन जॅक्सनला गार्डवरून लेफ्ट टॅकलला हलवून त्यांची फळी महिनाभरात पुन्हा बसली होती. जुनी दुखापत भावात मुरलेली असते. दहा दिवसांपूर्वीची दुखापत, तीसुद्धा टॅकलची, बाजार बऱ्याचदा कमी मोजतो, कारण क्वार्टरबॅक सोडून इतरांच्या नावाने भाव फारसा हलत नाही.

बातमी कुठून घ्यायची? व्यावसायिक लीग एनएफएलसारखा सगळ्यांना बंधनकारक एकच दुखापत-अहवाल कॉलेजमध्ये नाही. बिग टेन परिषदेने २०२३ पासून आणि एसईसी परिषदेने २०२४ पासून खेळाडूंच्या उपलब्धतेचे अहवाल सुरू केले. २०२४ च्या हंगामात बाकी ठिकाणी संघाच्या गावातला वार्ताहर सरावात कोण दिसलं हे लिहायचा, तोच आधार होता.

प्लेऑफबाहेरच्या बोल सामन्यांत हा प्रश्न दहापट मोठा होतो. एनएफएल ड्राफ्टला (व्यावसायिक संघांच्या निवडीला) निघालेले खेळाडू खेळत नाहीत, काही कॉलेज बदलायला ट्रान्सफर पोर्टलमध्ये जातात, प्रशिक्षक दुसरीकडे रुजू झालेला असतो. ३० डिसेंबर २०२३ चा ऑरेंज बोल घ्या. १३-० असूनही प्लेऑफमधून वगळलेला फ्लोरिडा स्टेट वीसहून जास्त खेळाडूंशिवाय आणि तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला घेऊन उतरला. जॉर्जियाने ६३-३ ने हरवलं, बोल सामन्यांच्या इतिहासातला सर्वात मोठा फरक. फ्लोरिडा स्टेटच्या हंगामभराच्या सरासऱ्या त्या दिवशी रद्दीच्या भावाच्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये तर पोर्टलमध्ये गेलेल्या खेळाडूंमुळे मार्शलने इंडिपेन्डन्स बोलमधून माघारच घेतली आणि आर्मीसमोर लुइझियाना टेक आला. म्हणून बोल सामन्याचा प्रीव्ह्यू वाचताना आधी त्याची तारीख बघा. आठवडाभर जुना असेल तर दोन्ही संघांची यादी स्वतः तपासल्याशिवाय त्यातला एकही आकडा वापरू नका.

फायनलमध्ये असली गळती नसते, त्यामुळे तिथे खेळाचा अंदाज बांधता येतो. नोटर डेमची योजना उघड होती: क्वार्टरबॅक रायली लेनर्डला पळवायचं, घड्याळ खायचं, ओहायो स्टेटला चेंडू कमी वेळा मिळू द्यायचा. पहिलीच ड्राइव्ह (चेंडूचा एक सलग ताबा) १८ प्लेची, ७५ यार्डांची, ९ मिनिटं ४५ सेकंदांची. टचडाउन (६ गुण, वर किकचा १), ७-०. पहिला क्वार्टर त्याच गुणांवर संपला आणि अंडरवाले खूश. २०२३ पासून कॉलेजमध्ये फर्स्ट डाउननंतर, म्हणजे दहा यार्ड पूर्ण झाल्यावर, घड्याळ थांबत नाही (प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून), त्यामुळे अशा लांब ड्राइव्हने प्लेची संख्या आणखी घटते. पण धोका आधीच दिसत होता. लेनर्ड एकट्याने इतकं पळल्यावर दमणार होता, आणि त्या ड्राइव्हनंतर नोटर डेमचा हल्ला बराच वेळ थंडावला. दुसऱ्या बाजूला ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे पहिले १३ पास पूर्ण झाले. ओहायो स्टेटने पहिल्या चार ताब्यांत चार टचडाउन केले, २८-७. मग फील्ड गोल (खांबांमधून किक, ३ गुण), ३१-७.

इथून पुढचा भाग सावकाश वाचा. बेरीज ३८ झालेली. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाकडे नोटर डेमने टचडाउन केला, ३१-१३, बेरीज ४४. त्यांनी नेहमीची एका गुणाची किक न मारता दोन गुणांचा प्रयत्न (टू-पॉइंट) केला, कारण १८ चा फरक १६ वर आणला की दोन टचडाउन आणि दोन टू-पॉइंटमध्ये बरोबरी साधता येते. प्रयत्न यशस्वी, ३१-१५, बेरीज ४६. ओव्हर ४५.५ त्या क्षणी जिंकला. ४६ चा भाव घेतलेला मात्र तिथे पुशवर अडकला होता. एका गुणाची किक मारली असती तर बेरीज ४५ राहिली असती. कमी टोटलवर पैज लावताना मागे पडलेला संघ टू-पॉइंटकडे कधी वळेल हे माहीत असावं लागतं, ते यासाठी.

चौथ्या क्वार्टरमध्ये १६ ने मागे, फोर्थ अँड गोल (चौथा आणि शेवटचा प्रयत्न), ९ यार्डांवर असताना नोटर डेमचा प्रशिक्षक मार्कस फ्रीमनने २७ यार्डांचा फील्ड गोल घ्यायचं ठरवलं. चेंडू खांबावर आदळला. तो गेला असता तरी फरक १३, म्हणजे पुन्हा दोन टचडाउनच लागणार होते. मला तो निर्णय पटत नाही. मग आणखी एक टचडाउन, आणखी एक टू-पॉइंट, ३१-२३. चार मिनिटं उरलेली, फरक नेमका ८. यावेळी ओहायो स्टेट -८ वाला पुशवर, -८.५ वाला हरलेला, +८.५ वाला जिंकलेला. पुढे थर्ड अँड ११ वर (चारपैकी तिसरा प्रयत्न, ११ यार्ड हवे) हॉवर्डने जेरेमाया स्मिथकडे लांब पास टाकला, आणि २६ सेकंद उरले असताना जेडन फील्डिंगच्या ३३ यार्डांच्या फील्ड गोलने ३४-२३. -८.५ जिंकला. थर्ड अँड ११ ला पास टाकायचं धाडस केलं नसतं तर ओहायो स्टेट बहुधा ८ नेच जिंकला असता.

त्या अर्ध्या गुणाला 'हुक' म्हणतात. बहुतेक बुकं तो विकतात: अर्धा गुण हवा तर -११० चं -१२० होतं, म्हणजे बरोबरीची रेषा ५४.५५ टक्क्यांवर जाते. ३ आणि ७ हे फरक सर्वात जास्त वेळा पडतात, तिथे किंमत आणखी वाढते. ८ वर हुक विकत घेणं मला महाग वाटतं. त्यापेक्षा दोन-तीन बुकं बघून फुकटात -८ शोधावा. सहा गुणांचा टीझर (भाव आपल्या बाजूने सरकवून एकाहून जास्त निवडी एकत्र लावायची पैज) घेतला तर -८.५ चं -२.५ होतं, ७ आणि ३ दोन्ही ओलांडून. दोन संघांचा टीझर -१२० ला असेल तर त्यातली प्रत्येक निवड ७३.९ टक्के वेळा यायला हवी. टोटल ४५ च्या घरात असेल तर विचार करावा. ६० च्या टोटलमध्ये गुण इतके विखुरतात की त्या सहा गुणांना तेवढी किंमत राहत नाही.

ओव्हरटाइमही टोटलमध्ये धरला जातो. त्याच प्लेऑफच्या पीच बोलमध्ये टेक्सस आणि ॲरिझोना स्टेट ठरलेल्या वेळेत २४-२४ होते, बेरीज ४८. टोटलचा भाव पन्नाशीच्या थोडा वर. दोन ओव्हरटाइमनंतर ३९-३१, बेरीज ७०. कॉलेजमध्ये ओव्हरटाइमला चेंडू थेट २५ यार्डांवरून मिळतो आणि दुसऱ्या ओव्हरटाइमपासून टचडाउननंतर टू-पॉइंट सक्तीचा असतो. बरोबरीकडे चाललेल्या सामन्यातला अंडर म्हणूनच कधी सुरक्षित नसतो.

कायद्याचं आणि कराचं. मे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून खेळांवर पैज कायदेशीर आहे, पण मार्च २०२४ पासून कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैज घेता येत नाही. ही फायनल जिथे झाली त्या जॉर्जियात तर तेव्हा कायदेशीर बुकच नव्हतं. बहुतेक राज्यांत वयाची अट २१. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, तेव्हा इथे बसून परदेशी ॲपवर खातं उघडू नका. आणि अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या मुलामुलींनी हे नीट लक्षात ठेवावं: करासाठी तुम्ही 'अनिवासी' असाल तर अशा पैजेच्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर लागतो आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. १०० जिंकून पुढच्या पैजेत ११० गमावले, तरी त्या १०० वरचे ३० द्यावेच लागतात. वर ५२.३८ टक्क्यांचं जे गणित मांडलं, ते या मुलांना लागूच होत नाही. ११० डॉलर लावून १०० जिंकले, तरी करानंतर त्यातले ७०च हातात पडतील.