जुन्या जंगल ट्रामवेच्या वाटेवर चालायचं तर

कोल्हापूरकर ट्रेकरचे पाय गडांच्या चढाला सरावलेले असतात. किलोमीटरभर चाललं की दोनशे-अडीचशे मीटर वर, मध्ये दम खायला पठार, मग घसरडा उतार. लाकूड वाहण्यासाठी टाकलेल्या रेल्वेच्या, म्हणजे जंगल ट्रामवेच्या, वाटेवर हा हिशोब चालत नाही. कॅसलरॉक ते कुळे घाटात मेन लाइनचा चढ 37 मीटरला 1 मीटर आहे, म्हणजे किलोमीटरला जेमतेम 27 मीटर. माथेरानची छोटी गाडी 20 ला 1 चढते आणि तेवढ्यातच तिची दमछाक होते. जंगलातल्या लाकूड लाइनी साधारण याच दोन टोकांच्या मध्ये बसतात. त्यामुळे पाऊलवाट अचानक छातीवर आली तर समजावं की लाइन सुटली.

घरी बसूनच निम्मं काम होतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या दर 20 मीटरला एक अशा असतात. 40 ला 1 चढाची लाइन एका रेषेवरून पुढच्या रेषेवर जायला 800 मीटर घेते, म्हणजे नकाशावर 1.6 सेंटीमीटर. 25 ला 1 असेल तर बरोबर 1 सेंटीमीटर. कर्कटक उघडून तेवढं अंतर रेषेमागून रेषेवर टाकत जा, लाइन कुठून गेली असेल ते बऱ्यापैकी उमटतं. बैलगाडीची वाट ओढ्यात सरळ उतरते. रेल्वे मात्र ओढ्याच्या कडेकडेने वर जाते, अरुंद जागी तो ओलांडते आणि पलीकडच्या अंगाने परत येते. असा घोड्याच्या नालाचा आकार दिसला की शंका उरत नाही. मोबाइलमधल्या उंचीवर फार भिस्त ठेवू नका. ती दहा-वीस मीटर सहज चुकते, म्हणून चढ मोजायचा तर निदान दोन किलोमीटरचा मोजावा.

प्रत्यक्ष जागेवर रूळ बहुधा नसतात, भंगारात गेलेले असतात. उरतं ते मातीकाम: टेकाड कापून केलेलं कटिंग, सखल जागी भराव, आणि भरावाच्या बाजूला माती उचललेले खड्डे. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले तरी खिळे टिकतात. रुळाचा खिळा साध्या खिळ्यासारखा गोल डोक्याचा नसतो. त्याच्या डोक्याला एकाच बाजूला ओठ असतो आणि तो रुळाच्या तळावर बसतो, म्हणून ओठ ज्या बाजूला तिकडे रूळ होता. आतल्या बाजूचे दोन समोरासमोर उभे खिळे सापडले तर टेप लावा. मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर) असेल तर अंतर मीटरपेक्षा थोडं कमीच भरेल, कारण रुळाचा तळ डोक्यापेक्षा रुंद असतो. मोजा, फोटो काढा आणि खिळा तिथेच राहू द्या. दिवाणखान्यात तो नुसता गंजका लोखंडाचा तुकडा असतो.

धोका चढात नसून पाण्यात आहे. लाइन डोंगराच्या अंगावर अर्धी कापून, अर्धी भरून काढलेली असते. देखभाल थांबली की सागाची पानं मोरीच्या, म्हणजे लाइनखालून पाणी जाणाऱ्या वाटेच्या, तोंडाशी अडकतात. एकेक पान परातीएवढं, त्यामुळे तोंड बंद व्हायला वेळ लागत नाही. मग वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि एखाद्या पावसात भराव मोरीसकट वाहून जातो. वाट सरळ चाललेली असते आणि पुढच्या वळणावर तीच नसते. भरावाच्या कडेला लांबट भेग दिसली की डोंगराच्या बाजूने चाला, दरीच्या बाजूने मुळीच नाही. दगडी खांब उभे आणि वरचा पूल गायब, अशा जागी ओढ्यात उतरून पलीकडे चढायचं. कुजक्या लाकडी तुळईवर कुणीही मर्दुमकी दाखवू नये.

आपल्याकडचं एक मोठं उदाहरण केरळातलं, कोचीन संस्थानची फॉरेस्ट ट्रामवे. परंबिकुळमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत सुमारे 80 किलोमीटर, मीटर गेज, साग आणि शिसव वाहायला. 1907 मध्ये सुरू, 1963 मध्ये बंद. इथे एक गोष्ट नवख्याला चकवते: लाइन कड्याशी येऊन संपते आणि खूप खाली पुन्हा सुरू होते. मधल्या तीव्र उतारावर इंजिन नव्हतंच. माथ्यावर ब्रेक लावलेलं मोठं चाक, त्यावर तारेचा दोर. भरलेल्या वाघिणी खाली जाताना रिकाम्यांना वर ओढायच्या. म्हणून वाट तुटली असं वाटलं की आधी माथ्यावर चाकाचा पाया शोधा आणि मग सरळ खाली बघा.

मिरजेहून पूर्णा एक्स्प्रेसने शोरनूर, तिथून पालक्काड आणि पोल्लाची. परंबिकुळम केरळात असलं तरी गाडीरस्ता तामिळनाडूतून, सेतुमडै आणि टॉप स्लिपवरून जातो. व्याघ्र प्रकल्प असल्याने वनखात्याची परवानगी आणि त्यांचा वाटाड्या यांशिवाय पायी फिरता येत नाही, आणि कुठला टप्पा खुला आहे हे तेच सांगतील. रानहत्ती आहेत, तेव्हा वाटाड्या थांब म्हणाला की थांबायचं, कटिंगमध्ये तर विशेषच. दोन्ही बाजूंना माती, पळायला जागा नसते.

दांडेली जवळ आहे, अळणावरहून तिकडे जाणारा फाटाही लाकडासाठीच टाकलेला. पण तो रेल्वेच्या ताब्यात आहे, पायवाट नव्हे. आणि दूधसागरला रुळांवरून चालत जायचा बेत कुणी आखत असेल तर रेल्वे कायद्याचं कलम 147 वाचा: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.