आमची वाटचाल : एकाच लेबलचं दुकान

आमच्या दुकानात फक्त अटलांटिक रेकॉर्ड्स या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या (धंद्याच्या भाषेत 'लेबल'च्या) जुन्या तबकड्या मिळतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक खोली, भिंतभर लाकडी रॅक, दोन टर्नटेबलं आणि रेकॉर्ड धुण्याचं मशीन, एवढाच पसारा. माल म्हणाल तर १९५० ते १९७५ या काळातला रिदम अँड ब्लूज, सोल आणि रॉक, तोही मूळ अमेरिकन प्रेसिंगचा, म्हणजे त्या काळी अमेरिकेतच छापलेल्या तबकड्यांचा.

सुरुवातीला असं नव्हतं. नोकरी सांभाळून मी आणि माझी पत्नी शनिवार-रविवारी गराज सेल आणि घरं रिकामी करताना लागणारे एस्टेट सेल पालथे घालायचो. जॅझ, डिस्को, कंट्री, जे हाती लागेल ते आणून विकायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "ही पहिली आवृत्ती आहे का?" दर कंपनीची खूण वेगळी, त्यामुळे दर वेळी पुस्तकं उघडून बसावं लागायचं. सगळ्यातलं थोडं थोडं कळून या धंद्यात भागत नाही. एका वर्षअखेरीला हिने हिशेबाची वही पुढ्यात ठेवली. ज्या मालाबद्दल आम्ही छातीठोकपणे बोलू शकत होतो, तोच पडून राहत नव्हता, आणि त्यातला बहुतेक अटलांटिकचा होता. बाकीचा साठा आम्ही हळूहळू काढून टाकला.

अटलांटिकवर माझा जीव आधीपासूनच होता. ही कंपनीच मुळी एका रेकॉर्ड जमवणाऱ्याने काढलेली. अहमत एर्तेगुन हा वॉशिंग्टनमधल्या तुर्की राजदूताचा मुलगा. तो आणि त्याचा भाऊ नेसुही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये फिरून जॅझ आणि ब्लूजच्या तबकड्या जमवायचे. हजारोंचा संग्रह होता त्यांचा. १९४७ साली घरच्या दंतवैद्याकडून १० हजार डॉलर घेऊन अहमतने हर्ब अब्रॅमसनच्या जोडीने न्यूयॉर्कमध्ये कंपनी थाटली. वेस्ट ५६व्या रस्त्यावरचं त्यांचं ऑफिस हाच स्टुडिओ. संध्याकाळ झाली की टेबलं भिंतीला सरकवायची, मधे माइक लावायचे आणि टॉम डाउड या तरुण इंजिनिअरने रेकॉर्डिंग सुरू करायचं. रूथ ब्राउनच्या गाण्यांवर कंपनी अशी उभी राहिली की लोक तिला 'रूथने बांधलेलं घर' म्हणायचे. त्याच रूथला पुढे आपल्या रॉयल्टीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तिच्या लढ्यातूनच १९८८ साली जुन्या कलावंतांना मदत करणारं रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. तिची रेकॉर्ड विकताना हे मी गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो. ती तबकडी घरी नेणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

आता खऱ्या कामाबद्दल, म्हणजे पहिली आवृत्ती ओळखण्याबद्दल. गायिका अरीथा फ्रँकलिनचा अटलांटिकवरचा पहिला अल्बम मार्च १९६७ चा, क्रमांक ८१३९. लेबल, म्हणजे तबकडीच्या मधला गोल कागद, लाल आणि जांभळट असेल तर ती मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज); हिरवं आणि निळं असेल आणि क्रमांकाच्या आधी 'एसडी' असेल तर स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा). पुढे लेबल हिरवं-नारिंगी झालं. त्याच्या कडेला १८४१ ब्रॉडवे हा कंपनीचा पत्ता असेल तर साधारण १९७५ च्या आतलं प्रेसिंग, ७५ रॉकफेलर प्लाझा असेल तर त्यानंतरचं. वरचं कव्हर तेच, गाणी तीच, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. माझं मत विचाराल तर हा अल्बम मोनोतच ऐकावा. शीर्षकगीत अलाबामातल्या मस्कल शोल्सच्या फेम स्टुडिओत झालं. त्यातला सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो आणि अरीथाचा आवाज मोनोत थेट अंगावर येतो.

लेबलपेक्षाही बोलका असतो तो आतला गुळगुळीत पट्टा, जिथे गाणं संपून पिन फिरत राहते. त्याला डेड वॅक्स म्हणतात. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची दुसरी रेकॉर्ड, ऑक्टोबर १९६९, एसडी ८२३६. सुरुवातीची प्रत दिव्याखाली तिरकी धरली की या पट्ट्यावर 'आरएल' ही हाताने कोरलेली अक्षरं दिसतात. आरएल म्हणजे रॉबर्ट लडविग, तबकडीचा साचा कापणारा इंजिनिअर. त्याने आवाज इतका दणदणीत कापला होता की साध्या प्लेअरवर पिन उडायची. मग कंपनीने साचा नव्याने, मऊ करून कापायला लावला. म्हणून 'आरएल'वाली प्रत सापडली की संग्राहक हरखून जातात. आमच्याकडे अशी प्रत आली की आधी दोन्ही बाजू पूर्ण ऐकतो, मगच किंमत लावतो.

मूळ तबकड्यांचं मोल आम्हाला जास्त वाटतं त्याला एक जवळचं कारण आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये इथून फार लांब नसलेल्या लाँग ब्रांचमधलं कंपनीचं गोदाम जळालं. हजारो टेप गेल्या. त्यात प्रसिद्ध न झालेली गाणी होती, त्याच गाण्यांची न वापरलेली रेकॉर्डिंगं होती, १९४९ पासूनची मूळ सत्रं होती. आता ते कुणालाच ऐकता येणार नाही. जे तबकडीवर उतरलं ते तरी नीट राहावं म्हणून धुण्या-पुसण्यात आम्ही कसूर करत नाही. व्हिनाइलला डिस्टिल्ड वॉटर आणि किंचित अल्कोहोल चालतं. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. पार्सल करताना तबकडी कव्हरच्या बाहेर काढून वेगळी ठेवतो, नाहीतर वाटेत आपटून कव्हरची शिवण फाटते.

बराचसा माल न्यूअर्क आणि आसपासच्या घरांतून येतो. एका निवृत्त बस ड्रायव्हरकाकांनी पत्र्याच्या पेटीतून छोट्या, ४५ आरपीएमच्या तबकड्या आणल्या होत्या. प्रत्येक लेबलवर निळ्या शाईत त्यांच्या बहिणीचं नाव. पार्टीला नेलेली रेकॉर्ड दुसऱ्याच्या घरी राहू नये म्हणून तेव्हा सगळेच नाव घालायचे. नियमाप्रमाणे अशा लिखाणाने दर्जा उतरतो आणि भाव कमी होतो. आम्ही तो कमी लावतो, पण नाव खोडत नाही.

आपली मराठी मंडळीही येतात. साठी-सत्तरीतल्या मुंबईकरांना बहुधा लेड झेपेलिनच हवं असतं, आणि मग कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकचा विषय निघतोच. १९७२ साली झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तिथे वाजवून गेले, मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणीही रेकॉर्ड करून गेले. अशा दिवशी विक्री होवो न होवो, चहा दोनदा होतो.

सध्या आम्ही ॲटकोचा रॅक लावतोय. ॲटको हे अटलांटिकचंच १९५५ मध्ये काढलेलं धाकटं लेबल, त्यामुळे नियम मोडल्यासारखं होत नाही. कोस्टर्स आणि बफेलो स्प्रिंगफील्ड हे गट आहेत, आणि १९६७ मध्ये अटलांटिकच्याच स्टुडिओत टॉम डाउडने रेकॉर्ड केलेला क्रीम या बँडचा अल्बमही आहे. मोनो प्रती धुऊन झाल्यात, स्टिरिओच्या अजून ऐकायच्या आहेत. दिवाळीपर्यंत रॅक खुला होईल.