तुम्ही विचारलंत म्हणून: करोनाची साथ खरंच संपतेय का?

‘साथ खरंच संपली का? आणि संपली असेल, तर ती लसीमुळे, विषाणू मवाळ झाल्यामुळे की लोक सुधारल्यामुळे?’ साथरोगांच्या कामात असलेल्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. ते देता येतं, पण आधी ‘संपली’ म्हणजे काय हे ठरवावं लागतं.

कागदावर ती संपली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ ला उठवली. दुसऱ्या दिवशी मथळे आले, ‘महासाथ संपली’. संघटना तसं म्हणालीच नव्हती. आणीबाणी उठली, विषाणू राहणार आहे, आता त्याचा बंदोबस्त नेहमीच्या आरोग्यव्यवस्थेतून करा, एवढाच तिचा अर्थ होता.

समूळ जाणं हा अर्थ घेतला, तर उत्तर सरळ ‘नाही’. माणसाचा आजार जगातून पुरता नाहीसा झालाय तो एकच, देवी. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ चा, घोषणा १९८० ची. देवीच्या विषाणूला जनावरांत आसरा नव्हता, रोगी पाहताक्षणी ओळखू यायचा आणि लसीचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकायचं. करोना तिन्ही बाबतींत उलटा. तो हरणांत आणि मिंक या मुंगसासारख्या प्राण्यात सापडलाय, लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून पसरतो आणि लागणीपासूनचं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं.

याच्याच कुळातला सार्स २००३ मध्ये आटोक्यात आला, याचं लोकांना अजून आश्चर्य वाटतं. आठ हजारांच्या आसपास रुग्ण, ७७४ मृत्यू, आणि जुलैपर्यंत साखळी तुटली. त्या आजारात माणूस सर्वांत जास्त संसर्ग पसरवायचा तो चांगला आजारी पडल्यावर. तोवर तो अंथरुणावर किंवा रुग्णालयात असायचा. आजारी दिसेल त्याला वेगळं ठेवा, एवढ्या जुन्या उपायाने काम भागलं. २०२० मध्ये तोच उपाय अपुरा पडला, कारण धडधाकट दिसणारी माणसंच विषाणू वाटत फिरत होती.

आता वागण्याचा भाग. एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो हा आकडा चार गोष्टींच्या गुणाकारातून येतो: रोज किती जणांशी संबंध येतो, त्या प्रत्येक भेटीत लागण होण्याची शक्यता किती, रुग्ण किती दिवस संसर्ग पसरवतो आणि भेटणाऱ्यांपैकी किती जणांना लागण होऊ शकते. चौथी गोष्ट लस आणि आधीच्या लागणी ठरवतात. पहिल्या तीन बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. आणि हा गुणाकार असल्यामुळे त्यातला कुठलाही एक आकडा थोडा हलला तरी पुरतो.

समजा, रोज १,००० नवे रुग्ण आहेत आणि एका लागणीतून पुढची व्हायला पाच दिवस लागतात. महिन्याभरात सहा फेऱ्या झाल्या. एक रुग्ण सरासरी १.१ जणांना देत असेल, तर महिन्याअखेरीस रोजचे रुग्ण सुमारे १,७७०. ०.९ जणांना देत असेल, तर सुमारे ५३०. दोन्हींतला फरक साधारण अकरा भेटींच्या जागी नऊ भेटी, एवढाच. ओमिक्रॉन या करोनाच्या नंतरच्या प्रकारात फेरी तीन दिवसांच्या आसपास आली. म्हणजे महिन्यात दहा फेऱ्या, आणि हेच आकडे २,५९० आणि ३५० होतात. ‘मी एकट्याने काय फरक पडतो’ म्हणणाऱ्याला हा हिशेब करून दाखवावा. तो बहुधा पटत नाही, ही गोष्ट वेगळी.

पण लोक काही आकडेमोड करून वागत नाहीत. ते बातम्या पाहून वागतात आणि बातमी शिळी असते. लागण होणं, लक्षणं येणं, रुग्णालयात जाणं आणि मृत्यू यांत बहुधा तीनेक आठवडे जातात. आज दिसणारे मृत्यू तीन आठवड्यांपूर्वीच्या वागण्याचा हिशेब असतात. शॉवरचं पाणी उशिरा तापत असेल, तर आपण नळ जास्तच फिरवतो, मग अंग भाजतं, मग उलटा फिरवतो. साथीच्या लाटांमागे हे एक मोठं कारण आहे. आकडे चढले की लोक घाबरून घरी बसतात, सरकारने सांगायच्या आधीच बाहेरची गर्दी कमी होते. आकडे उतरले की सगळे एकदम बाहेर. या दोन टोकांच्या मधे अनेकदा आकडे एका पातळीवर तरंगत राहतात, ना वर ना खाली. रोगाने दम घेतलेला नसतो. लोकांची भीती आणि कंटाळा यांनी आपापसांत केलेली ती तडजोड असते.

सरासरीनेही फसायला होतं. सुरुवातीच्या काळात १० ते २० टक्के रुग्णांकडून सुमारे ८० टक्के लागणी होत असल्याचे अंदाज होते. बहुतेक बाधित कुणालाच देत नव्हते, मोजके एकाच बैठकीत डझनावारी देत होते. ते मोजके कोण हे आधी कळत नाही. कुठे हे मात्र कळतं: बंद खोली, बरीच माणसं, मोठ्याने बोलणं किंवा गाणं, आणि तासाच्या वरचा वेळ. म्हणून मोकळ्या बागा बंद करणं मला तेव्हाही अनाठायी वाटलं होतं. जोर खोल्यांच्या हवेवर द्यायला हवा होता.

वागण्याने खरंच काही संपतं का? याचा सर्वांत ठळक पुरावा करोनाचा नाहीच. फ्लूच्या बी विषाणूचा यामागाता नावाचा एक वंश दर हंगामात फिरायचा. मार्च २०२० नंतर त्याची खात्रीशीर नोंदच नाही. प्रवास थांबला, शाळा मिटल्या, तोंडं झाकली गेली. करोना त्यातूनही वाट काढत राहिला, पण हा आधीच रोडावलेला वंश बहुधा त्यातच तुटला. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी फ्लूच्या लसीतून त्याचा घटक काढायला सांगितलं. त्याला घालवण्यासाठी कुणी मोहीम काढली नव्हती. एकाच वागण्याने कमी पसरणारा विषाणू संपतो आणि जास्त पसरणारा फक्त मंदावतो, इतका हा मामला आकड्यांचा आहे.

‘विषाणू हळूहळू मवाळ होतोच’ हे विधान निसर्गनियम असल्यासारखं सांगितलं जातं. तसा नियम नाही. डेल्टा हा करोनाचा प्रकार त्याच्या आधीच्या प्रकारांपेक्षा जास्त घातक होता. करोनाचा बहुतेक प्रसार रुग्ण गंभीर व्हायच्या आधी उरकतो, त्यामुळे पुढे रुग्णाचं काय होतं याने विषाणूचं फारसं बिघडत नाही. ओमिक्रॉन डेल्टाहून सौम्य होता हे खरं. पण तो आला नोव्हेंबर २०२१ मध्ये, लसीकरणाला वर्ष होत आलं होतं आणि कोट्यवधींना एकदा तरी लागण होऊन गेली होती. आज मृत्यू कमी आहेत त्याचं मोठं श्रेय या जमलेल्या प्रतिकारशक्तीला. तिने लागण थांबत नाही, गंभीर आजार बराच थांबतो. लस घेऊनही करोना झाला म्हणून लस फुकट गेली म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

मग आता आकडे कमी दिसतात ते? काही अंशी खरे, काही अंशी आपण मोजणं सोडलं म्हणून. चाचण्या घटल्या की रुग्ण घटतात, कागदावर. म्हणून सांडपाण्यातल्या विषाणूच्या नोंदी जास्त विश्वासाच्या: कुणी चाचणी करो न करो, शौचालय वापरतोच. या नोंदींत लाटा अजून येतात आणि विषाणूने फ्लूसारखा ठरलेला हंगाम धरलेला नाही. माझं उत्तर म्हणून असं: आणीबाणी संपली, साथीचा तीव्र टप्पा संपला, विषाणू एका पातळीवर मुक्कामाला आला. ती पातळी किती उंच असेल, हे वागण्यावर ठरतं.

वागणं म्हणजे इथे थोड्याच गोष्टी. घसा खवखवला, ताप आला की पहिले पाच दिवस लोकांत न मिसळणं यात सर्वांत जास्त वजन आहे, आणि हेच सर्वांत कमी पाळलं जातं. आजारपणाची पगारी सुट्टी नसेल, तर पाळलं जाणारही नाही. तिथे जनजागृतीचे फलक लावून उपयोग नाही.

घरच्या चाचणीत हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या दिवशी एकदा करून निर्धास्त होणं. लसीकरण किंवा आधीची लागण झालेल्यांत शरीर लवकर प्रतिकार सुरू करतं, त्यामुळे नाकात पुरेसा विषाणू जमायच्या आधीच लक्षणं येऊ शकतात. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा, नसतील तर ४८ तासांच्या अंतराने एकूण तीनदा. पट्टी पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचा, उशिरा उमटलेल्या रेघेला अर्थ नाही. वेळेत आलेली रेघ कितीही पुसट असो, ती पॉझिटिव्हच.

घरात कुणी आजारी असेल तर भांडी वेगळी करण्यात जीव काढण्यापेक्षा हवा बदला. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. नवी भर पडत नसेल, तर तासाला पाच वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतले ९९ टक्के कण सुमारे ५५ मिनिटांत जातात, दोनदाच बदलत असेल तर दोन तास अठरा मिनिटं लागतात. आजाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडा आणि त्याच खोलीतून हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, म्हणजे ओढ बाहेरच्या बाजूला राहते. पंखा आत फुंकणारा लागला, तर तीच हवा दाराखालून घरभर जाते. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल, तर खोलीचं आकारमान काढा: ४ गुणिले ३ गुणिले ३ मीटर म्हणजे ३६ घनमीटर, गुणिले पाच. तासाला किमान १८० घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र लागेल. हा आकडा खोक्यावर बहुधा सर्वांत जास्त वेगाचा छापतात. त्या वेगाला आवाज फार होतो, लोक रात्री बटण खाली आणतात आणि यंत्र निम्म्यावर येतं. म्हणून मधल्या वेगाला १८० देणारं घ्या.