बुलेट ट्रेन आणि आमची रविवारची भांडणं

काल जेवताना परत तोच विषय, बुलेट ट्रेन. दादा म्हणतो, अरे जपानचं कर्ज ०.१ टक्के व्याजाने, फेडायला ५० वर्षं, जवळपास फुकटच की! म्हटलं फुकट कसलं, अंदाजच १ लाख ८ हजार कोटींचा होता, त्यात आपल्या राज्याचे ५ हजार कोटी. आणि सप्टेंबर २०१७ ला भूमिपूजन झालं नि पंधराच दिवसांनी एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, एक साधा रुंद पूल नव्हता हो तिथे. राज ठाकरे तेव्हा म्हणालेले, आधी लोकल सुधारा, तोवर एक वीट रचू देणार नाही. उद्धव ठाकरेंनी तर पांढरा हत्ती म्हटलेलं, मग २०२२ ला सरकार बदललं आणि काम सुसाट. दादा गप्प बसेल तर शप्पथ! शेवटी वहिनी वैतागली, तुम्ही भांडा, मला उद्या सकाळची फास्ट पकडायचीय.