तुम्ही विचारलंत म्हणून: मेंढीची लोकर आपोआप गळते का?

मी माण तालुक्यातल्या धनगराच्या घरातला आहे हे कळलं की पुण्यात ऑफिसात कुणीतरी हा प्रश्न टाकतंच. मेंढीची लोकर आपोआप गळत नाही का रे? गळत नसेल तर रानात असताना कोण कापायचं तिची? विचारताना तोंडावर असं हसू असतं की बघ, आता सापडलास.

तर प्रश्न बरोबर आहे. रानटी मेंढीची गळतेच. लडाखात उरियल म्हणून रानमेंढी आहे, तिथले लोक तिला शापो म्हणतात, तिच्या अंगावर वर राठ केस आणि आत थोडी मऊ लव असते, थंडीत वाढते आणि दिवस मोठे व्हायला लागले की गळून जाते. माणसाने साधारण १० हजार वर्षांपूर्वी मेंढी पाळली ती मटणासाठी, कातड्यासाठी, लोकरीचं वेड नंतरचं. आणि सुरुवातीला तर कातरच नव्हती, लोकर सुटायच्या दिवसांत हाताने उपटून घ्यायचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर सोए नावाची जुनी जात आहे, ती अजूनही दरवर्षी लोकर टाकते. लोखंडी कातर आल्यावर मात्र गळणारी लोकर म्हणजे निम्मा माल काट्याकुट्यात वाया, मग जिची गळत नाही तिचीच पैदास ठेवायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आता त्या मेंढीची लोकर आपल्या डोक्यावरच्या केसांगत वाढतच राहते. जोराचा ताप आला किंवा उपासमार झाली तर कधीकधी झडते, पण त्याला कुणी गळणं म्हणत नाही.

याचं टोक म्हणजे मेरिनो, खास लोकरीसाठी पैदास केलेली जात. न्यूझीलंडमध्ये श्रेक नावाचा एक मेंढा कातरणी चुकवून सहा वर्षं गुहांमध्ये लपून राहिला होता, २००४ साली सापडला, टीव्हीवर लाइव्ह कातरला, २७ किलो लोकर निघाली! २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ सापडलेल्याच्या अंगावर तर ४० किलोच्या वर होती. तेवढं ओझं घेऊन जनावर चालणार कसं, त्यात उन्हाचा कहर, आणि शेणामुताने भिजलेल्या लोकरीत माश्या अंडी घालतात, अळ्या पडतात. अशा मेंढीला न कातरणं हीच क्रूरता आहे, "कापता कशाला बिचारीला" म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

आमची दख्खनी मेंढी यातली मधली. काळी, राठ लोकर, एका कातरणीला काहीशे ग्रॅम निघाली तर निघाली. पण तिचीही आपोआप गळत नाही, बोरीबाभळीला चार पुंजके अडकतात तेवढेच. वर्षातून दोनदा कातरायची. सकाळी कळप ओढ्यात घालून धुवायचा, वाळू द्यायचा, मग पाय बांधून आडवी पाडायची आणि हातकातरीने सुरू. दुखत नाही, कातरणाऱ्याचा हात बसलेला असला तर. नवशिक्याकडून कातडी पकडली जाते, मग हळद लावायची आणि थोरल्यांच्या शिव्या खायच्या. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, सगळ्यात मऊ, ती वेगळी ठेवतात कारण घोंगडं त्याचंच भारी होतं.

होतं म्हणजे, व्हायचं. आता घोंगडं घेतो कोण, ब्लँकेट स्वस्त मिळतं, घोंगडी विणणारे सनगर पण कमी झाले. लोकरीचे जेवढे पैसे येतात त्याहून कातरणाऱ्याची मजुरी जास्त, तरी कातरावं लागतंच, नाहीतर पावसाळ्यात भिजलेली लोकर वाळत नाही, आत उवा-गोचीड होतात. कातरून तिथेच बांधावर टाकून देणारे मी बघितलेत. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात, तिथे तिला मान आहे, बाजारात नाही.

म्हणून आमच्याकडे बऱ्याच जणांनी जतकडचे माडग्याळ मेंढे कळपात सोडलेत. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक, वजन चांगलं भरतं, आणि लोकर जवळजवळ नाहीच, म्हणजे गळायचाही प्रश्न नाही नि कातरायचाही. ज्या लोकरीसाठी एवढी निवडानिवड केली तीच आता निवडून काढून टाकतोय. माझे चुलते असल्यांना मेंढरं म्हणायलाच तयार नाहीत, पण बाजारात गेले की भाव त्यांचाच आधी विचारतात.