जिंकणाऱ्यानं थांबायचं कुठं?

फॉर्म्युला वनच्या नियमावलीत 2013 साली एक कलम होतं. शर्यत संपल्याचा झेंडा पडला की सगळ्या गाड्यांनी वाटेत न थांबता, कुणाकडून काही न घेता थेट पार्क फर्मेत यायचं. मदत घ्यायचीच वेळ आली तर ती फक्त मार्शलची, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभं राहून सुरक्षा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांची. पार्क फर्मे म्हणजे शर्यतीनंतर गाड्या ताब्यात घेऊन ठेवतात ती बंदिस्त जागा. आम्हा मार्शलना हे कलम तोंडपाठ असायचं, कारण शर्यत संपल्यावर ट्रॅकवर उरतो ते आम्हीच. 27 ऑक्टोबर 2013 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर रेड बुल संघाचा ड्रायव्हर सेबास्टियन व्हेटलनं ते माझ्या डोळ्यांदेखत मोडलं. मी तिथं मुख्य सरळ पट्ट्यावरच्या चौकीवर ड्यूटीला होतो.

मार्शल हा पगारी माणूस नसतो. आमच्या चौकीवर पुण्या-मुंबईचे, चेन्नईचे, कोइमतूरचे असे सगळे आपापल्या नोकऱ्यांतून रजा काढून आलेले. माझ्या हाताखाली कोल्हापूरकडचा एक तरुण मुलगा होता. इंजिनिअरिंगचं शिक्षण चालू, गाड्यांचं जबरदस्त वेड, आणि पाय एका जागी ठरत नाहीत असा. सकाळपासून मी त्याला एकच गोष्ट बजावत होतो, की चौकीप्रमुखानं सांगितल्याशिवाय कठड्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही.

शर्यत 60 फेऱ्यांची होती. व्हेटल पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून सुटला आणि त्याला गाठणं कुणाला जमलं नाही. एकोणचाळिसाव्या फेरीत त्याच्याच संघाच्या मार्क वेबरची गाडी अल्टरनेटर गेल्यामुळं थांबली, तेव्हा रेड बुलच्या पिट वॉलवरची, म्हणजे ट्रॅकलगत बसलेल्या संघाच्या लोकांची अस्वस्थता लांबूनही कळत होती. दुसरी गाडीही तशीच बंद पडली तर काय, ही धास्ती शेवटपर्यंत होती. पण त्याची गाडी टिकली. निको रोझबर्ग दुसरा आला, सतराव्या जागेवरून सुटलेला रोमां ग्रोजां तिसरा. व्हेटलचं सलग चौथं विश्वविजेतेपद तिथंच पक्कं झालं. वय 26. चार विजेतेपदं मिळवणारा इतका तरुण ड्रायव्हर याआधी झाला नव्हता.

मग ती परतीची फेरी. मार्शल या फेरीत सगळे झेंडे हातात घेऊन ड्रायव्हरांना मानवंदना देतात, तसे आम्ही देत होतो. बाकीच्या गाड्या पिट लेनकडे, म्हणजे संघांच्या गॅरेजसमोरच्या गल्लीकडे वळल्या. एक गाडी मात्र वळली नाही, सरळ पट्ट्यावर आली. मुख्य स्टँडसमोर आल्यावर इंजिन किंचाळलं, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी स्वतःभोवती गरगर घुमली. एकदा, पुन्हा, आणखी पुन्हा. पांढऱ्या धुरात गाडी दिसेनाशी झाली. जळक्या रबराचा वास घशात बसला. डांबरावर काळी वर्तुळं उमटत गेली. व्ही-एट इंजिनाचा तो आवाज कानानं कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकू यायचा.

गाडी थांबली, व्हेटल उतरला, गाडीसमोर गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हात पुढं करून वाकला. स्टँडमधून जो आवाज उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही. दोनच आठवड्यांपूर्वी दसऱ्याला आपापल्या स्कूटरला झेंडूचा हार घालून आलेली माणसं ती, गाडीपुढं वाकणारा माणूस त्यांना परका वाटलाच नाही. मग तो जाळीकडं धावला, वर चढला आणि हातमोजे काढून लोकांत फेकले.

याच वेळी माझ्या हाताखालच्या त्या मुलानं कठड्यावर पाय टाकला. मी त्याची बाही धरली.

"दादा, सोडा ना! पाच सेकंदं, नुसता हात लावून येतो."

"दिवा बघ आधी," मी म्हणालो. "आणि ऑर्डर आली का?"

गाडीत केर्स होतं, म्हणजे ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून ठेवणारी यंत्रणा. तिचा व्होल्टेज जीवघेणा असतो. 2008 मध्ये हेरेथला चाचणीच्या वेळी बीएमडब्ल्यूच्या एका मेकॅनिकला नुसता गाडीला हात लावताच शॉक बसला होता. म्हणून गाडीवरचा दिवा धोका नाही असं सांगत नाही तोवर हात लावायचा नाही, ही मार्शलची पहिली शिकवण. मुलगा थांबला. चौकीप्रमुख रेस कंट्रोलशी बोलले, ऑर्डर आली, मग ठरलेली माणसं ठरलेल्या क्रमानं पुढं गेली.

संध्याकाळी स्टुअर्ड्सचा, म्हणजे शर्यतीच्या पंचांचा निर्णय आला. व्हेटलला ताकीद, रेड बुलला 25,000 युरो दंड. जेवणाच्या रांगेत यावरून आमच्यात कडाक्याचं वाजलं. चेन्नईचे एक जुने मार्शल म्हणत होते की नियम म्हणजे नियम, आज याला सोडलं तर उद्या प्रत्येक जण थांबेल. तरुण मंडळी चिडलेली होती. भारतात एवढा मोठा क्षण घडला आणि त्यावरही दंड?

माझं मत त्या दिवशी पक्कं झालं आणि आजही तेच आहे. स्टुअर्ड्सनी त्या दिवशी योग्य केलं, कारण कलम होतं आणि ते मोडलं होतं. पण ते कलमच चुकीचं लिहिलेलं होतं. आनंदानं थांबलेला माणूस आणि इतरांना धोक्यात घालून थांबलेला माणूस, दोघांना ते एकाच मापानं मोजत होतं.

याचा पुरावा लांब शोधायला नको. बरोबर पाच आठवड्यांपूर्वी, 22 सप्टेंबरला, सिंगापूरला काय झालं होतं? वेबरची गाडी शेवटच्या फेरीत बंद पडली. परतीच्या फेरीत फर्नांडो अलोन्सोनं त्याला गाडीवर घ्यायला वाटेत गाडी थांबवली, तीही वळणाच्या तोंडाशी, आणि वेबर मार्शलची परवानगी न घेता ट्रॅकवर चालत गेला. मागून गाड्या येत होत्या, त्यांना अलोन्सोला चुकवून जावं लागलं. दोघांना ताकीद मिळाली. वेबरची ती हंगामातली तिसरी ताकीद, म्हणून पुढच्या कोरियाच्या शर्यतीत त्याला दहा जागा मागून सुटावं लागलं. लोक हळहळले. दोन मित्रांचा किती छान फोटो, म्हणाले. फोटो छानच होता. पण त्या वळणावर उभ्या असलेल्या मार्शलच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर पायी चालणारा ड्रायव्हर, मधोमध उभी गाडी, आणि कोपऱ्याआडून येणाऱ्या गाड्या. ती शिक्षा मला शंभर टक्के पटली.

नोएडात असं काहीच नव्हतं. बाकीच्या गाड्या पिट लेनमध्ये गेलेल्या, पट्टा रिकामा, नजर लांबवर पोचणारी, प्रेक्षक जाळीच्या आत. तरी कागदावर दोन्ही गुन्हे जवळपास सारखेच.

आता थेट पार्क फर्मेत का यायचं, हेही सांगायला हवं, कारण ही नुसती शिस्तीची हौस नाही. शर्यतीनंतर ड्रायव्हरसकट गाडीचं वजन तपासतात. 2013 मध्ये किमान 642 किलो लागत. इंधनाचा नमुना घेतात, तळाची फळी मोजतात. वाटेत कुणी गाडीत काही टाकलं किंवा काढलं तर हा सगळा तपास फुकट. शिवाय एक गिअरबॉक्स सलग पाच शर्यती चालवावा लागे, आणि डोनट घालताना, म्हणजे व्हेटलसारखी गाडी जागच्या जागी गरगर फिरवताना, गाडीत वारा शिरत नाही, क्लच आणि गिअरबॉक्स भाजून निघतात. त्यामुळं संघांनाच हा प्रकार नको असायचा. अमेरिकेत ॲलेक्स झनार्डीनं नव्वदच्या दशकात डोनटला विजयाची खूणच करून टाकलं होतं, पण फॉर्म्युला वनमध्ये ते क्वचितच दिसायचं.

तरी माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण वेगळं आहे. त्याच वर्षी 9 जूनला माँट्रियलमध्ये शर्यत संपल्यावर बंद पडलेली गाडी हलवताना एक स्वयंसेवक मार्शल क्रेनखाली सापडून जिवानिशी गेला. झेंडा पडलेला होता, गाड्या थांबलेल्या होत्या, टीव्हीवर पोडियम, म्हणजे बक्षीस समारंभ चालू होतं. नोएडात आमच्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. शर्यत चालू असताना माणूस जपून असतो. ती संपल्यावर खांदे सैल पडतात, लक्ष उडतं, मोबाइल खिशातून बाहेर येतो. मी मुलाची बाही धरली ती यासाठी.

पुढं नियम बदलला, आणि चांगला बदलला. जिंकणाऱ्या ड्रायव्हरला आता पार्क फर्मेत येण्याआधी आनंद साजरा करता येतो. फक्त तो सुरक्षित हवा, इतर ड्रायव्हर आणि अधिकारी धोक्यात येता कामा नयेत, गाडीच्या वैधतेवर शंका येऊ नये आणि पोडियमला उशीर होऊ नये. 2021 मध्ये साओ पावलोला लुईस हॅमिल्टननं मार्शलकडून ब्राझीलचा झेंडा घेतला आणि परतीच्या फेरीत तो फडकवला. त्याला 5,000 युरो दंड झाला, शिवाय 20,000 युरो टांगते ठेवले, म्हणजे पुन्हा चूक झाली तरच भरायचे, ते चालत्या गाडीत पट्टे सोडल्याबद्दल. मला हा निर्णय पूर्ण पटतो. इतका नेमका निर्णय 2013 मध्ये देता आला नसता.

तरी एक गोष्ट राहिलीच आहे. ड्रायव्हर कुठं थांबणार, हे मार्शलला आधी माहीत नसतं. 2023 मध्ये मेलबर्नला प्रेक्षक ट्रॅकवर शिरले, तेव्हा निको हुल्केनबर्गची बंद पडलेली गाडी तिथं उभी होती आणि तिचा धोक्याचा लाल दिवा लुकलुकत होता. माणसं तिच्या जवळपास पोचली होती. मी आता देशांतर्गत शर्यतींत नव्या मार्शलना शिकवतो, तेव्हा ही मागणी प्रत्येक आयोजकाकडं करतो: जिंकणाऱ्याला थांबायला मुख्य पट्ट्यावरची एक जागा आखून द्या, सकाळच्या बैठकीत ती ड्रायव्हरांना आणि आम्हाला दोघांनाही दाखवा, आणि तिथं दोन अनुभवी माणसं रबरी हातमोजे घालून उभी ठेवा. त्या जागेत त्यानं हवे तितके डोनट घालावेत. त्या जागेबाहेर थांबला तर खुशाल दहा जागा मागं पाठवा.